कॅलगरीत पहिला ट्रेलर घेतलाय? ताडपत्री आणायच्या आधी हे वाचा

दरवर्षी गणपती आटोपले की मला एक-दोन फोन हमखास येतात. "काका, इथे चांगली जाड ताडपत्री कुठे मिळेल?" विचारणारा दीड-दोन वर्षांपूर्वी आलेला असतो. उन्हाळ्यात हौसेने जुना ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं, आत झोपायची सोय असलेलं फिरतं घर) घेतलेला असतो, पोराबाळांना घेऊन जवळच्या डोंगरांत कनानास्किसला दोन-तीन वाऱ्या झालेल्या असतात आणि आता हिवाळ्याच्या तोंडावर ड्राइव्हवेत उघडा उभा असलेला तो ट्रेलर पाहून पोटात गोळा आलेला असतो. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

ताडपत्री घेऊ नका. मी घेतली होती. आपल्याकडे ट्रकचा क्लीनर बांधतो तशी, निळी ताडपत्री आणि नायलॉनची दोरी, गाठीवर गाठ मारून. फार अभिमान वाटला होता. डिसेंबरात चिनूक, म्हणजे इथला डोंगरावरून येणारा वारा, सुटला आणि रात्रभर ती अशी काही फडफडली की बाजूच्या घरातला दिवा दोनदा लागला. सकाळी पाहिलं तर कडेच्या रिंगा फाटून दोरीला लटकत होत्या, आणि दोरीने कोपऱ्यावरचा रंग खरवडून आतला पत्रा दाखवला होता. तेही चाललं असतं. खरा हिशेब एप्रिलमध्ये झाला. दार उघडल्याबरोबर बायको म्हणाली, "अहो, पावसाळ्यातल्या ट्रंकेचा वास येतोय." गादी उचलली तर खालून काळी बुरशी.

पाणी बाहेरून आलंच नव्हतं. आतलाच दमटपणा ताडपत्रीखाली कोंडला होता. ट्रेलरसाठी म्हणून जे कव्हर मिळतं, त्याचं कापड वेगळं असतं. हातात घेतलं तर जाडसर पिशवीसारखं लागतं, बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं, दोन-तीन थरांचं. त्यातून वाफ बाहेर पडते. दापोलीकडे माझ्या आजोळी मे महिन्यात गोठा पेंढ्याने शाकारायचे. पाऊस आत येत नसे, पण गुरांची ऊब-वाफ मात्र छपरातून निघून जाई. तत्त्व तेच, फक्त इथली शाकारणी ऑक्टोबरात.

आणि शत्रू बर्फ नाही, वारा आहे, हे आधी डोक्यात बसवा. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून पूर्वेकडे उतरणारा कोरडा, गरम वारा. पश्चिमेला ढगांची कमान दिसली की समजायचं. काही तासांत उणे वीसवरून पारा शून्यावर चढतो. इथून दक्षिणेला पिंचर क्रीकला जानेवारी 1962 मध्ये तासाभरात उणे 19 वरून 22 अंशांवर गेल्याची नोंद आहे. म्हणजे छतावरचा बर्फ दुपारी वितळणार, पाणी कव्हरच्या सुरकुत्यांत साचणार आणि रात्री परत गोठणार. हिवाळ्यात हे अनेकदा होतं. ढिलं कव्हर वाऱ्याने घासलं जातं, आणि घासलेलं कव्हर न घातलेल्या कव्हरपेक्षा जास्त नुकसान करतं.

माप घेताना ट्रेलरच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका. नावात 24 आहे म्हणून तो 24 फुटांचा असेलच असं नाही. स्वतः टेप लावा आणि मागची शिडी, स्टेपनी धरा. पुढचा गाडीला जोडायचा दांडा धरायचा की नाही हे कव्हरच्या खोक्यावर पाहा, कारण कंपनीगणिक फरक असतो. "थोडं मोठं घेऊ, पुढे उपयोगी पडेल" हा आपला मुलांच्या शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही. मोठं कव्हर म्हणजे शीड. बाजूला झिप असलेलंच घ्या, म्हणजे हिवाळ्यातही दारापर्यंत पोचता येतं. गारांपासून वाचेल का, असंही विचारतात. ईशान्य कॅलगरीत 13 जून 2020 ला टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा पडल्या, 5 ऑगस्ट 2024 ला परत शहराला झोडपलं. दोन्ही उन्हाळ्यातल्या. तेव्हा ट्रेलरवर कव्हर नसतंच, आणि असतं तरी त्या गारांपुढे कापडाचं काय चालणार? त्यासाठी विमा.

घालायच्या आधीची कामं थोडक्यात: नळांतलं पाणी पूर्ण काढून गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत नळ फुटू नयेत म्हणून घालायचं द्रव) फिरवणं, बॅटरी चार्ज करून घरात आणणं, गॅसच्या टाक्या बंद करणं, फ्रिजचं दार फटीत टॉवेल घालून उघडं ठेवणं, खाण्याचा कण आत न ठेवणं. उंदरांसाठी खालची भोकं तारेच्या काथ्याने बुजवा. ट्रेलर धुऊन खडखडीत वाळवा, कारण राहिलेली धूळ कव्हरखाली पॉलिश पेपरचं काम करते. छतावरच्या खिडक्यांभोवतीचं सीलंट कुठे तडकलंय का, तेही तेव्हाच पाहा. तडा तसाच ठेवून वर कव्हर घालणं म्हणजे फुटक्या कौलावर रंग देणं.

आता कोपरे. या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. छताच्या चार टोकांना पन्हळीची छोटी प्लॅस्टिकची चोच असते, ती कव्हर पहिल्याच महिन्यात भोसकते. टेनिसच्या जुन्या चेंडूला चीर देऊन त्यावर बसवा. ऑनिंगची (बाजूला उघडायच्या कापडी छपरीची) टोकं, अँटेना, शिडीचे वाकडे दांडे, यांना पाइपला गुंडाळतात तो फोम किंवा जुने टॉवेल लावा आणि रंगाऱ्यांच्या निळ्या टेपने चिकटवा. साधी टेप लावलीत तर वसंतात तिच्याबरोबर रंगही निघेल. माझ्याकडे यासाठी आईच्या नऊवारीचे तुकडेही वापरलेले आहेत. सुती लुगड्यासारखं मऊ काही नाही.

दिवस निवडताना कॅलेंडर पाहू नका, वारा पाहा. ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड सोयीचा पडतो, पण 2014 ला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच एवढा बर्फ पडला होता की झाडं मोडली. दहा अंशांच्या वर तापमान, वारा नाही, छत कोरडं, असा दिवस मिळाला की दुपारच्या जेवणाआधी उरका. छतावर रबरासारखा थर असतो. त्यावर दंव असेल तर तो शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीपेक्षा वाईट. काही ट्रेलरांच्या छतावर चढायचंच नसतं, माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. तसं असेल तर दोन्ही बाजूंना शिडी लावून काम करा. शिडीच्या टोकांना टॉवेल गुंडाळा आणि एकट्याने अजिबात करू नका. तीन माणसं म्हणजे तासाभराचं काम, एकटा माणूस म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आठ तास बसणं.

गुंडाळी जमिनीवर पसरून आधी पुढची बाजू शोधा. कव्हर उलटं चढवून अर्ध्यात कळलं की तोंडातून जे शब्द निघतात ते शेजाऱ्यांना कळत नाहीत हेच नशीब. गुंडाळीला दोर बांधून वर ओढून घ्या, खांद्यावर घेऊन शिडी चढू नका. पुढच्या टोकाला ठेवून मागे उलगडत जा, मग दोन्ही बाजू खाली सोडा. चढता येत नसेल तर पुढच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधा, दोराचं टोक मोज्यात चेंडू घालून त्याला गाठवा आणि छतावरून पलीकडे फेका, पलीकडचा हळूहळू ओढेल. धक्का देऊन ओढू नका. अडलं तर कुठे अडलंय ते शिडीवरून पाहा, बहुतेक वेळा एसीच्या टोपणावर असतं.

पट्टे खालून पलीकडे न्यायचे असतात. त्यासाठी ट्रेलरखाली सरपटत जायचं नाही. पट्ट्याला पाण्याची अर्धी बाटली बांधून सरकवा किंवा लांब काठीने ढकला. आधी पुढचा आणि मागचा पट्टा आवळा, मग मधले. तंबोऱ्याच्या तारेसारखे ताणायचे नाहीत, नाहीतर शिवण उसवते. हात सपाट आत जाईल एवढी जागा राहू द्या. आठवड्याने कापड बसतं, तेव्हा परत एकदा आवळा. पुढे प्रत्येक चिनूकनंतर एक फेरी मारायची.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. कव्हर असताना आतला हीटर किंवा गॅसचं काहीही चालवायचं नाही. धूर बाहेर जायला वाट नसते. पाहुणे आले, घरात जागा नाही, म्हणून "एक रात्र ट्रेलरमध्ये झोपतील" असा विचार कोणाच्या मनात येऊ नये.

छतावर बर्फ फार साठला तर मऊ झाडूने, शिडीवरून, वरवरचा ढकला. फावडं नको. आणि ट्रेलर घराजवळ ठेवता येतो की नाही, रस्त्यावर किती वेळ चालतो, हे 311 ला, म्हणजे शहराच्या चौकशी क्रमांकाला, फोन करून विचारा. काँडो असेल तर बोर्डाला विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माहितीवर दंड भरलेले दोघे मला माहीत आहेत.

काढायची घाई मार्चमध्ये होते, कारण दोन दिवस ऊन पडतं. थांबा. घडीत बर्फ अडकलेला असतो, कापड छताला चिकटलेलं असतं, आणि ओढलं की फाटतं. प्लॅस्टिकची बकलं थंडीत बिस्किटासारखी तुटतात. कव्हर आतून-बाहेरून वाळेल असा दिवस येऊ द्या, मग सगळे पट्टे सोडून वर टाका म्हणजे ते खाली लोंबत अडकणार नाहीत. दोन्ही बाजू छतावर दुमडा आणि मागून पुढे गुंडाळत या. गुंडाळी पुढच्या टोकाला संपली की ऑक्टोबरात तिथूनच उलगडायला सुरुवात. हे मला तिसऱ्या वर्षी सुचलं. तोवर दरवेळी अंगणात पुढची बाजू शोधत बसायचो. ओलसर वाटलं तर दोन दिवस कुंपणावर टाका, मग झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरा. गॅरेजमध्ये उघडं ठेवलंत तर उंदीर तिथेच बाळंतीण होतो.

माझ्या कव्हरवर पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगाने देवनागरीत मोठं "पुढे" लिहिलंय. शेजारचा म्हातारा दरवर्षी मदतीला येतो. त्याला मराठीतला तेवढाच एक शब्द येतो, आणि शिडीखाली उभा राहून तो मला तेवढाच ओरडून सांगत असतो.