चहा 60 टक्के, कॉफी 40 टक्के

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी मी हॉस्टेलच्या मेसमध्ये वीस जणांना विचारलं, सकाळी चहा की कॉफी? बारा चहावाले, आठ कॉफीवाले. वहीत ऐटीत लिहिलं: चहा 60 टक्के, कॉफी 40. आवड समसमान असती तर 50-50. फरक 10, त्याचा वर्ग 100, भागिले 50, असं दोनदा. काय-स्क्वेअर, म्हणजे मोजलेलं अपेक्षेपासून किती लांब गेलं ते सांगणारा आकडा, आला 4. पर्याय दोनच, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणारे आकडे) एक; तिला 5 टक्के पातळीची तक्त्यातली किंमत 3.84. उत्तर त्याहून मोठं आलं तर फरक नुसता योगायोगाचा धरत नाहीत. चहा जिंकला!

तोंडी परीक्षेला सरांनी वही पुढे ओढली.

"माणसं किती होती रे?"

"वीस, सर."

"मग हे पन्नास कुठून आले?"

तिथेच पुन्हा मांडायला लावलं. अपेक्षित 10-10, फरक 2, वर्ग 4, भागिले 10. दोन्हींची बेरीज 0.8. कुठे 3.84 आणि कुठे हे! मग म्हणाले, दोनशे जणांत 120-80 धर. उत्तर 8. टक्के घातले की मात्र माणसं वीस असोत की दोनशे, उत्तर आपलं 4 च. सूत्रात मोजलेली डोकी घालायची, टक्के नाहीत.

कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे नमुन्यावरून काढलेला खऱ्या आकड्याचा अंदाजे पट्टा, तोही त्याच आकड्यांवर उलगडला. विसातले बारा, तर 95 टक्क्यांचा पट्टा साधारण 38.5 ते 81.5. दोनशेतले 120, तर 53 ते 67. पहिल्यात 50 मावतं, दुसऱ्यात नाही. काय-स्क्वेअरची चाचणी नुसतं फरक आहे की नाही यावर बोलते. आकडा कुठून कुठवर असू शकतो, ते पट्ट्यावरून दिसतं.

"खरा आकडा याच पट्ट्यात असण्याची शक्यता 95 टक्के" असं मात्र बोलू नका, हमखास पकडतात. ते 95 पद्धतीचे. पुन्हा पुन्हा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) नमुना घेऊन पट्टे काढले, तर शंभरातल्या साधारण 95 पट्ट्यांत खरा आकडा सापडेल. आपला पट्टा उरलेल्या पाचांतला नाही ना, हे कळायला मार्ग नाही. (मेसमधले माझे मित्र हा यादृच्छिक नमुना नव्हताच. सरांनी विचारलं नाही, मीही गप्प बसलो.)

सरावाला आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलचे वाटाणे घ्या: 5474 गोल, 1850 सुरकुतलेले, अपेक्षा 3:1. सॉफ्टवेअर न उघडता, कागदावर. काय-स्क्वेअर 0.26 च्या आसपास यायला हवा. नाही आला तर आधी अपेक्षित आकडे बघा, 5493 आणि 1831 आहेत ना?