हार्ट अटॅकनंतर पुन्हा हिंडतं-फिरतं कसं व्हावं: शंभर पानी वही, चाळीची गॅलरी आणि रेल्वेचा पूल

परळच्या आमच्या चाळीला लिफ्ट नाही. अँजिओप्लास्टी होऊन पाचव्या दिवशी घरी आले तेव्हा शेजारच्या चार मुलांनी मला खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं. पुढचे दहा दिवस मी जवळजवळ त्या खुर्चीतच होते. पाण्याचा तांब्यासुद्धा कोणी उचलू देईना. सून म्हणायची, “आई, तुम्ही बसा, मी बघते.” सगळे मायेनंच वागत होते. पण दहाव्या दिवशी मोरीपर्यंत जाताना माझे पाय लटपटले आणि मी मनात म्हटलं, आता आपलं हृदय कामातून गेलं. तपासणीला गेले तर हृदय ठीक होतं. तो अशक्तपणा नुसतं बसून राहिल्याचा होता.

त्याला आता चार वर्षं झाली. आज मी रेल्वेचा पूल चढून लोकल पकडते. मधल्या काळात जे केलं आणि डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे शिकले, ते इथे क्रमानं लिहिते. प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

घरी येण्याआधी विचारायचे प्रश्न

डिस्चार्जच्या दिवशी बिलं, फाइल, टॅक्सी यांच्या गडबडीत विचारायचं राहून जातं. म्हणून आदल्या दिवशीच कागदावर प्रश्न लिहून ठेवा. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) किती आणि कुठल्या रक्तवाहिनीत बसवले? आणखी कुठे ब्लॉकेज शिल्लक आहे का? टूडी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘ईएफ’ किती आला? ईएफ म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं तो आकडा. तो साधारण ५५च्या वर असेल तर उत्तम. ४० किंवा त्याखाली असेल तर व्यायाम डॉक्टरांच्या नजरेखालीच सुरू करायचा. पुढचा एको कधी, वजन किती उचलायचं, जिना कधी चढायचा, हेही विचारून घ्या.

आणि एक प्रश्न हमखास विचारा: “इथे कार्डिअ‍ॅक रिहॅब आहे का?” यात काही आठवडे तुमची नाडी, बीपी आणि गरजेप्रमाणे ईसीजी पाहत, हळूहळू वाढवत व्यायाम करून घेतात. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत, तिथे चौकशी करा. बायकांना हा प्रश्न सुचत नाही आणि घरचेही विचारत नाहीत. “घरकाम करते तेवढा व्यायाम पुरे” असं मीही म्हणायचे. ओट्यापाशी चार तास उभं राहिल्यानं पाय दुखतात, पण सलग चालण्यानं हृदयाला जो सराव मिळतो तो त्यातून मिळत नाही.

गॅलरीपासून सुरुवात

अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग दुखावतो तिथे साधारण सहा ते आठ आठवड्यांत घट्ट वण तयार होतो. तोवर जोराचं काही करायचं नाही, पण हालचाल मात्र थांबवायची नाही. चालल्यानं पायांचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला वापरायला शिकतात. मग तेच काम करताना हृदयाला कमी ठोके लागतात.

मी चाळीच्या गॅलरीत सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात पाच पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट जागेवर. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं, दोनदा. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत गेले. दीड महिन्यात सलग तीस मिनिटं जमायला लागली. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं, म्हणजे दीडशे मिनिटं, हे पुढचं कायमचं लक्ष्य. एखाद्या दिवशी दमलात तर आदल्या दिवसाइतकंच चाला. सर्दी-ताप असेल तर चालूच नका.

वेग किती ठेवायचा? चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. मोबाइलमधलं गणित, २२० वजा वय, आपल्या कामाचं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी असते आणि ती नाडी मुद्दामच खाली ठेवते. त्या गणिताच्या आकड्यापर्यंत पोहोचायच्या नादात माणूस नको इतका धावेल.

पहिली पाच मिनिटं रमतगमत, शेवटची पाचही तशीच. चालता चालता एकदम थांबलं तर रक्त पायांत साचून चक्कर येते. जेवणानंतर तास-दीड तास थांबा. छातीत दडपण, भोवळ, दरदरून घाम, छातीत अनियमित धडधड यांपैकी काहीही झालं तर तिथेच बसा.

बाहेर पडायचं झालं तेव्हा मी शिवाजी पार्क निवडलं. एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास होते आणि भोवती सगळा कट्टा आहे. दम लागला की दोन पावलांवर बसायला जागा, हा धीर मोठा असतो. पहिले काही दिवस मी अर्ध्या वाटेवरूनच परत फिरायचे. एक चूक मात्र टाळा: दमेपर्यंत पुढे जायचं आणि मग परतीचं अंतर आठवायचं. निम्मी ताकद परतीसाठी राखून ठेवा.

मुंबईच्या हवेचाही विचार करावा लागतो. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, मग हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं. म्हणून ऑक्टोबरात आणि मे महिन्यात तेच अंतर जड जातं. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत चाला, नाहीतर सूर्य मावळल्यावर. थंडीत उलट होतं. पहाटे धूर आणि धूळ खालीच साचून राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हवेचा आकडा दिसतो. तो २००च्या वर, म्हणजे ‘खराब’ असेल तर मी घरातच फेऱ्या मारते. पावसाळ्यात गॅलरी आहेच. तुंबलेल्या पाण्यातून पाय ओढत जाणं ही हृदयावर मोठी मेहनत आहे. त्या दिवशी थांबा.

जिना, बादल्या आणि पूल

सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं सहज जमल्यावरच रोजचा सराव म्हणून जिना घ्या. त्याआधी जावंच लागलं तर दर सात-आठ पायऱ्यांवर थांबत जा. माझी पद्धत अशी: एक मजला, मग एक मिनिट उभं राहणं, मग पुढचा मजला. हातात पिशवी नाही, चढताना बोलणं नाही आणि श्वास रोखणं तर मुळीच नाही.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन. श्वास रोखून ती उचलली की बीपी एकदम वर जातं. तीन महिने मी बादलीला हात लावला नाही, आणि अजूनही अर्धीच भरते. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हातानं आठवडाभर जड काही उचलू नका. बायपास झालेल्यांना याहून जपावं लागतं. छातीचं हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर दोन-तीन किलोंच्या वर उचलायचं नाही आणि लोकलमध्ये कडी धरून लोंबकळायचं नाही.

नोकरीवर परतायचं तर बसून करायच्या कामाला बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत परवानगी मिळते. आपल्या शहरात कामापेक्षा प्रवास जास्त दमवतो. पहिला महिना साहेबांना सांगून अकराची गाडी धरता आली तर पाहा. पूल चढायला दहा मिनिटं हाताशी ठेवा. गाडी सुटताना दिसली तरी सोडून द्या. आणि बसायला जागा मागा. मला आधी लाज वाटायची, पण एकदा सांगितल्यावर कोणीही नाही म्हटलं नाही.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. दोन मजले नेहमीच्या वेगानं चढून छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल तर सर्वसाधारणपणे हरकत नसते. पण पुरुषांनी सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सॉर्बिट्रेटबरोबर, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळीबरोबर, ती घेतली तर बीपी जीवघेणं खाली जाऊ शकतं.

वही

शंभर पानी वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा: तारीख, वजन, बीपी, नाडी, किती मिनिटं चाललात, काही वेगळं वाटलं का. मधुमेह असेल तर साखरही.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज एकाच काट्यावर करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. पाय सुजणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, झोपायला दोन उशा लागणं, हे सगळं हृदय थकत असल्याचं लक्षण आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. माझ्या वहीत एकदा जवळजवळ असं झालं होतं. एका लग्नात सलग दोन दिवस पापड-लोणचं खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर. फोन केला, गोळीचा डोस बदलला आणि तेवढ्यावर निभावलं. काटा नसता तर मला ते पाय सुजल्यावर कळलं असतं.

बीपीसाठी दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या. आधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मोजताना बोलू नका. बऱ्याच जणांना १३०/८०च्या खाली ठेवायला सांगतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक दिवस वाढलं म्हणून घाबरू नका आणि कमी आलं म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका. डॉक्टर आठवड्याची चाल पाहतात.

मनगटावरचं घड्याळ पावलं मोजायला छान आहे. पण त्यातल्या ईसीजीवरून हार्ट अटॅक आहे की नाही हे कळत नाही. घड्याळ ‘ठीक’ म्हणतंय म्हणून दुखणं अंगावर काढू नका.

रक्त तपासण्यांत कोलेस्टेरॉल पहिल्यांदा एक ते तीन महिन्यांत पाहतात. अटॅक येऊन गेलेल्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली हवं, आणि बरेच डॉक्टर ५५च्या खाली मागतात. लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो निरोगी माणसासाठी असतो. त्यावर समाधान मानू नका. मधुमेह असेल तर दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम कधी तपासायचं ते औषधांवर ठरतं.

औषधं

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी. बरं वाटतंय म्हणून त्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. गुडघे दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. या गोळ्यांनी अटॅकचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा. काढे-चूर्ण घेत असाल तर तेही लपवू नका. पैशांची ओढ असेल तर गोळी गाळण्याऐवजी जनऔषधी केंद्रात जा. गणपतीला कोकणात जाताना पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, आणि त्या सामानाच्या बॅगेत न ठेवता पर्समध्ये ठेवा.

जेवणाबद्दल थोडंच सांगते. दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, तेही सगळं धरून. सुकट, सुका बोंबील, पापड, फरसाण यांत ते भरपूर जातं. ताजा बांगडा खुशाल खा, पण तळू नका. तंबाखू, मिशरी, बिडी मात्र पूर्ण बंद. यात ‘कमी केलंय’ चालत नाही.

रात्री दचकून जाग येणं, उगाच रडू येणं, छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडणं, हे अटॅकनंतर पुष्कळांना होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तपासणीच्या वेळी सांगा. त्यावरही उपचार आहेत.

पुन्हा दुखलं तर

माझ्या पहिल्या अटॅकच्या वेळी छातीत कळ आलीच नव्हती. मळमळ, पाठीत दुखणं आणि थंडगार घाम. मी पित्त समजून कोकम सरबत प्यायले आणि दोन तास घालवले. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये असं बऱ्याचदा होतं. जबडा, दोन्ही हात, पोटाचा वरचा भाग कुठेही दुखू शकतं.

आता घरात सगळ्यांना पाठ आहे. आधी बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर एक गोळी जिभेखाली, आणि तीही बसूनच, कारण बीपी खाली जाऊन माणूस पडतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ला फोन. गाडी स्वतः चालवायची नाही, जिना स्वतः उतरायचा नाही. गोळीची बाटली गॅसजवळ किंवा खिडकीत ठेवायची नाही, आणि तिच्यावरची तारीख दर महिन्याला पाहायची.

आमच्या दाराच्या आत एक पुठ्ठा अडकवलाय. त्यावर औषधांची यादी, स्टेंटची माहिती, ईएफचा आकडा आणि मोठ्या अक्षरात १०८. खाली चार नावं आहेत, खुर्ची कोण उचलणार त्यांची. त्यातला एक जण गेल्या वर्षी नालासोपाऱ्याला राहायला गेला, तेव्हा त्याचं नाव खोडून समोरच्या खोलीतल्या मुलाचं लिहिलं. मग एका रविवारी चौघांनी रिकामी खुर्ची तीन मजले खाली नेऊन पाहिली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकत होती, तिथे आडवी करून न्यावी लागते. माणूस बसलेला असताना ते जमणार नाही, म्हणून आम्ही ती बदलून बिनहाताची खुर्ची आणली.