वाली नसलेला ड्रायव्हर सांभाळताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये व्हॉल्व्हची प्रेशर टेस्ट घेणारं बेंच आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुनं पीसीआय कार्ड (मदरबोर्डच्या खाचेत बसणारं) आणि लिनक्स. कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, कित्येक वर्षं कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून मी तो हातात घेतला. पहिल्याच महिन्यात मी जी चूक केली तीच आधी सांगते, कारण जुने ड्रायव्हर बहुतेक वेळा याच चुकीने मोडतात.

एका फंक्शनमध्ये तीन ओळी होत्या. पहिली कार्डाच्या रजिस्टरमध्ये (कार्डावरच्या छोट्या नोंदीच्या जागेत) किंमत लिहायची. दुसरी तेच रजिस्टर वाचायची, पण वाचलेलं पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं. तिसरी दहा मायक्रोसेकंद थांबायची. मधली ओळ मला फालतू वाटली, काढून टाकली. कंपाइल झालं, एक वॉर्निंग नाही. चार दिवसांनी वर्कशॉपमधून फोन आला, "ताई, पहिलं रीडिंग मधूनच शून्य येतंय. टेस्टिंग थांबवू का?"

पीसीआयवर केलेलं लेखन त्याच क्षणी कार्डापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला ब्रिज नावाचा भाग ते थोडा वेळ स्वतःकडे धरून ठेवू शकतो. त्याच कार्डावरून काही वाचलं, की अडकलेलं लेखन आधी पुढे जातं आणि मगच वाचलेली किंमत परत येते. ती 'फालतू' ओळ नेमकं हेच करत होती. ती गेल्यावर दहा मायक्रोसेकंद संपायचे तेव्हा कार्डाला हुकूम नुकताच मिळत असायचा. ओळ परत टाकली आणि वर दोन ओळींची कमेंट लिहिली. मूळ लेखकाने ती लिहिली असती तर माझा आठवडा वाचला असता.

तेव्हापासून कुठलीही विचित्र ओळ दिसली की आधी गिट ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कुणी, कधी बदलली हे दाखवणारी आज्ञा. पण त्यालाही एक मर्यादा आहे. लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, गिट इतिहास एप्रिल 2005 मध्ये, 2.6.12-आरसी2 पासून सुरू होतो (आरसी म्हणजे प्रकाशनाआधीची चाचणी आवृत्ती). जुन्या ड्रायव्हरच्या निम्म्या ओळी त्या पहिल्याच कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) जाऊन थांबतात आणि नाव लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं दिसतं. त्या ओळी त्यांनी लिहिल्या असं समजू नका. त्या गिटच्याही आधीच्या आहेत. त्याआधीचा इतिहास वेगळ्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) मिळतो, तिथे बघा.

दुसरी चूक म्हणजे चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारं कर्नलचं साधन) चालवून अख्खी फाइल 'स्वच्छ' करणं. चेकपॅच हे नव्या पॅचसाठी, म्हणजे पाठवायच्या बदलासाठी, आहे. मेंटेनर्स फाइलमध्ये (कोणता कोड कोण सांभाळतं त्याची यादी) ऑब्सोलीट, म्हणजे कालबाह्य, म्हटलेल्या कोडला हात लावला, तर उगाच बदल करू नका असं चेकपॅच स्वतःच बजावतं. शेकडो ओळींची मोकळी जागा सरळ केली की ब्लेम गढूळ होतो आणि स्टेबल (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या) कर्नलमध्ये दुरुस्ती न्यायला त्रास होतो. काही 'सुधारणा' तर घातकच. मजकुराची नक्कल करणाऱ्या फंक्शनांपैकी एसटीआरएनकॉपी उरलेली जागा शून्यांनी भरते, एसटीआरएसकॉपी भरत नाही. ते स्ट्रक्चर जसंच्या तसं यूजरस्पेसकडे (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे) जात असेल, तर कर्नलच्या मेमरीतला जुना ऐवज बाहेर पडतो. अशा ठिकाणी एसटीआरएसकॉपीचं पॅडवालं (शून्यं भरणारं) रूप वापरा. तसंच यूडिलेच्या (जागं राहून थांबणं) जागी यूस्लीप-रेंज (झोपून थांबणं) टाकताना वर कुठे स्पिनलॉक (इतरांना ताटकळत ठेवणारं कुलूप) घेतलाय का ते बघा. स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं.

तिसरी चूक दिसायला फार सुबक असते. इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) मागून घेणारं जुनं रिक्वेस्ट-आयआरक्यू काढायचं, त्याचं आपोआप सोडणारं डेव्हएम रूप टाकायचं आणि ड्रायव्हर उतरवताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमधला फ्री-आयआरक्यू उडवायचा. कोड छोटा होतो खरा, पण क्रम उलटतो. आधी इंटरप्ट सोडला जायचा आणि मग बफर (तात्पुरत्या मेमरीचा तुकडा) मोकळा व्हायचा. आता रिमूव्ह संपल्यावर इंटरप्ट सोडला जातो, म्हणजे बफर गेल्यानंतर. पीसीआयची इंटरप्टची लाइन सामायिक असू शकते. मधल्या वेळात शेजारच्या कार्डाने इंटरप्ट दिला, की आपला हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालतो. कर्नल बनवताना कॉन्फिग-डीबग-एसएचआयआरक्यू चालू ठेवा. सामायिक इंटरप्ट सोडतानाच हा पर्याय मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो आणि चूक टेबलावरच सापडते. सोबत केएएसएएन (मेमरीतल्या चुका पकडणारं) आणि डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीपही (मनाई असताना झोपणं पकडणारं) लावा.

मेंटेनर्स फाइलमध्ये खरं तेच लिहा. सपोर्टेड, मेंटेन्ड, ऑड फिक्सेस (जमेल तशी दुरुस्ती), ऑर्फन (वाली नसलेला), ऑब्सोलीट हे दर्जे तिथे आहेत. कार्ड हाताशी नसेल तर ऑड फिक्सेस लिहिण्यात काही कमीपणा नाही. बदल फक्त कंपाइल करून पाहिला असेल, तर पॅचमध्ये तसं स्पष्ट सांगा. 2019 मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर ऑर्फन झाला, कारण चालू स्थितीतल्या फ्लॉपी ड्राइव्ह मिळणंच अवघड झालं होतं. पुढे त्याला नवा मेंटेनर मिळाला. दर्जा खरा लिहिला, तर वाली हवाय हे लोकांना कळतं.

आणि तक्रार येत नाही म्हणजे वापरणारा कुणी नाही, असं धरून ड्रायव्हर काढायचा प्रस्ताव देऊ नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत चालू मशीनला कुणी हात लावत नाही. आज आलेला दोष तिथे अपडेट होईल तेव्हा, म्हणजे तीन-चार वर्षांनी दिसेल. 2021 च्या 5.14 कर्नलमध्ये जुने आयडीई (जुन्या हार्ड डिस्कचे) ड्रायव्हर काढले, पण तेव्हा तेच काम करणारा लिबाटा हा कोड कधीचाच तयार होता. पर्याय नसेल तर आधी वापरणारे शोधा.

माझ्यासाठीचं दुसरं कार्ड लिंक रोडवरच्या एका भंगाराच्या दुकानात सापडलं, कडा गंजलेलं पण चालू. ते घरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवलंय. दर आरसीला ड्रायव्हर शंभर वेळा चढवते-उतरवते, पहिलं रीडिंग शून्य नाही ना ते बघते आणि मगच पॅच पाठवते.