मोरचुदापासून काळं कॉपर ऑक्साइड: घाई करायची नाही ती कुठे

द्राक्षबागायतदार बोर्डोसाठी (बुरशीविरुद्ध फवारायच्या मिश्रणासाठी) जो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वापरतात त्याच्यापासूनच हे ऑक्साइड होतं, पण शक्यतो लॅबच्या दुकानातलं शुद्ध कॉपर सल्फेट घ्या. २५ ग्रॅम मोरचूद १५० मिली कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या काचेच्या बीकरमध्ये १०० मिली पाणी घेऊन त्यात ९ ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा टाका, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, भयंकर तापतं, आणि गॉगल-हातमोजे हवेतच. हिशोबाने ८ ग्रॅम पुरतो पण सोडा हवेतलं पाणी ओढतो म्हणून जरासा जास्त. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा ते खातो.

आता निळं पाणी सोड्यात ओता, हळूहळू, ढवळत. उलटं केलंत, म्हणजे निळ्या पाण्यात सोडा टाकत गेलात, तर मधेच हिरवट बेसिक सल्फेट (हायड्रॉक्साइड आणि सल्फेट दोन्ही असलेला तांब्याचा क्षार) होतं आणि सल्फेट आत अडकून बसतं.

निळा साका तयार होईल, दह्यासारखा, हे कॉपर हायड्रॉक्साइड, तो गाळायला जाऊ नका! मी पहिल्यांदा तेच केलं, दोन तास झाले तरी थेंब थेंबच पडत होतं. त्यापेक्षा तसाच मंद आचेवर ठेवा आणि ढवळणं थांबवू नका नाहीतर तळाशी वाफ कोंडून सगळं उसळतं, ७०-८० डिग्रीच्या आसपास निळा रंग मळका हिरवट, मग तपकिरी, मग काळा होतो, आणि अर्धा बीकर व्यापलेला तो साका तळाशी पातळ थरात बसतो. हायड्रॉक्साइडमधलं पाणी निघून गेलं, राहिलं ते ऑक्साइड.

मग निवळी ओतून टाका, गरम पाणी घाला, बसू द्या, असं पाच-सहा वेळा. धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकून पांढरं आलं नाही की सल्फेट गेलं (बेरियम विषारी आहे, हात लावू नका). गाळून ११० डिग्रीला वाळवा, जास्तीत जास्त ८ ग्रॅमच्या जवळ मिळेल. निळसर पाणी नाल्यात सोडू नका, तांबं माशांना मारतं.

पावडर पाण्यात विरघळत नाही. पण चिमूटभर घेऊन कोमट सौम्य सल्फ्युरिक आम्लात टाका, परत निळं पाणी, म्हणजे तोच मोरचूद! आणि कोळशाच्या भुकटीबरोबर हार्ड ग्लासच्या (जास्त उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) नळीत कडक तापवलंत तर काळ्यात लाल तांब्याचे कण चमकायला लागतात.