अडचण आधी, शक्ती नंतर

मागच्या पावसाळ्यात नाशिकमधील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तीसेक वाचकांनी मला दोन तास प्रश्न विचारले. बहुतेक जण अकरावी-बारावीचे किंवा महाविद्यालयात नुकतेच गेलेले होते, काही जण माझ्या वयाचेही होते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत स्वतःचा एक सुपरहिरो पोशाखासह तयार होता. पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला, "सर, शक्ती कशी सुचते?" मी त्याला घाईघाईने काहीतरी उत्तर दिले आणि घरी येताना ते उत्तर चुकीचे होते हे माझ्या लक्षात आले. कॉमिक्ससाठी लिहू पाहणाऱ्या नव्या मंडळींसाठी बरोबर उत्तर येथे नीट लिहून काढतो आहे.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो आणि रात्री कॉमिक्सच्या संहिता लिहितो. ही नोकरी मी सोडलेली नाही आणि कॉमिक्सच्या भरवशावर तुम्हीही तुमची सोडू नये, हे आधीच सांगितलेले बरे. शक्तीच्या मागे मीही पाच वर्षे धावलो. आगीतून चालणारा, भिंतीतून आरपार जाणारा, वेळ थांबवणारा असे नायक मी लिहिले आणि ते सगळे चौथ्या-पाचव्या पानावर निर्जीव झाले. त्याचे कारण पुष्कळ उशिरा समजले. शक्ती दाखवणे हे चित्रकाराचे काम आहे. 'तो उडतो' एवढे दोन शब्द मी लिहिले की माझा वाटा संपतो आणि उडण्यातले सगळे सौंदर्य, अंगरख्याची फडफड, खाली लहान होत जाणारी घरे, हे चित्रकाराच्या हातून उतरते. लेखकाच्या हाती उरते ती नायकाची अडचण, आणि ती आधी सापडली नाही तर शक्ती कितीही मोठी असली तरी तिला करण्यासारखे काहीच उरत नाही.

१९३८ साली आलेला सुपरमॅन मोटार उचलू शकतो, पण ज्या बातमीदार स्त्रीवर त्याचे मन आहे तिला तो स्वतः कोण आहे हे सांगू शकत नाही, आणि ती त्याच्या चष्म्यातल्या रूपाकडे ढुंकून पाहत नाही. १९६२ साली आलेल्या स्पायडरमॅनला पैशांची चणचण आहे आणि काकूच्या आजारपणाची काळजी आहे. वेताळाचे, म्हणजे मूळच्या 'फँटम'चे, उदाहरण तर मला सर्वांत जास्त शिकवून गेले. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत पोहोचला आणि आमच्या पिढीने त्याचे जुने अंक एकमेकांत फिरवून त्यांच्या चिंध्या केल्या. त्याला कसलीही अलौकिक शक्ती नाही. जंगल मानते की तो अमर आहे, आणि आपल्याला, म्हणजे वाचकाला, ठाऊक असते की तो त्या वंशातला एकविसावा माणूस आहे आणि एका गोळीने मरू शकतो. साऱ्या जंगलाचा हा समज टिकवून धरणे हीच त्याची अडचण आहे आणि गुपितात वाचकाला सामील करून घेतल्यामुळे ती वाचकाचीही होते.

एका मुलाने विचारले की पंचवटीत राहून पौराणिक नायक का लिहू नये. जरूर लिहावा, पण त्या कथेची घडण आधी पाहावी. रामाचे बाण सर्वशक्तिमान आहेत हे सर्वांना माहीत असते, तरी पंचवटीतली कथा बाणांनी पुढे सरकत नाही. ती सरकते कांचनमृगाने, म्हणजे नायकाला कुटीपासून दूर नेणाऱ्या एका मोहाने. ज्या क्षणी संकट येते त्या क्षणी शक्ती जागेवर नसते. आमच्या धंद्यातली निम्मी युक्ती एवढीच आहे.

माझा सध्याचा नायक तांबट लेनमधला आहे. जुन्या नाशकात वाढलेल्यांना त्या गल्लीतली हातोड्यांची लय सांगावी लागत नाही. या मुलाला धातूचा आवाज ऐकून त्यातली चीर कळते. खणखणीत भांडे आणि बद्द वाजणारे भांडे यांतला फरक प्रत्येक तांबटाला कळतो, याला तो पुलाच्या कठड्यात, बसच्या कमानीत, गॅसच्या टाकीतही ऐकू येतो. एवढी शक्ती सुचल्यावर मी खूश झालो होतो, परंतु कथा मिळाली ती वडिलांकडून. जन्मभर ठोके घालून त्यांचे कान गेलेले आहेत, आणि मुलगा गल्लीत जितका जास्त काम करील तितकी त्याची शक्तीही कमी होत जाणार आहे. काम सोडावे तर घर चालत नाही. हा पेच लिहून झाल्यावर पुढचे दोन अंक मला जुळवावे लागले नाहीत.

त्याच्या शक्तीची मर्यादा शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले, अशी बातमी तोंडोतोंडी सराफ बाजारापर्यंत पोहोचते. २०१६ च्या ऑगस्टमधला पूर मी काठावर उभा राहून पाहिला होता. त्या वेळी डोळ्यांपेक्षा कानांना जास्त भीती वाटली होती, कारण पाण्याच्या आवाजाखाली शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नव्हते. ऐकण्यावर जगणाऱ्या नायकाला पुरात उभे केले की तो बहिरा होतो, आणि भांडी बाजारात पाणी शिरते त्याच रात्री त्याची सर्वांत जास्त गरज असते. पहिल्या अंकात खलनायक का नाही, असे अनेकांनी विचारले. पाणी असताना आणखी एक माणूस आणून मी काय केले असते?

आता पानाविषयी. आपली पुस्तके डावीकडून उजवीकडे वाचली जातात, त्यामुळे विषम क्रमांकाचे पान उजव्या हाताला येते आणि सम क्रमांकाचे पान उलटल्यावरच दिसते. वाचकाला धक्का द्यायचा असेल तर तो सम पानाच्या पहिल्या चौकटीत ठेवावा आणि आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत प्रश्न सोडावा. तोच धक्का उजव्या पानावर ठेवला तर वाचकाची नजर डावे पान वाचतानाच तिरकी तिकडे जाते आणि तुमचे रहस्य फुकट जाते. माझ्या पहिल्या छापील कथेत मुखवटा उतरण्याचा प्रसंग सातव्या पानावर होता. छपाईच्या हिशेबात मध्ये एक जाहिरात घुसली असती तर तो आठव्यावर सरकून वाचलाही असता, पण तेवढे नशीब नव्हते.

एका पानावर मी पाच किंवा सहा चौकटी धरतो. शब्द किती असावेत, हा प्रश्न मात्र मराठीत शब्द मोजून सुटत नाही. इंग्रजी संहितालेखनाची पुस्तके वाचून मी चौकटीला पंचवीस शब्दांचा नियम पाळत होतो आणि तरीही चित्रकार संवादांचे फुगे मावत नसल्याची तक्रार करीत होता. 'शेजाऱ्यापाजाऱ्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एकच शब्द आहे. शिवाय देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते, आणि फुगा आडवा नाही तरी उभा वाढतोच. तेव्हापासून मी अक्षरे मोजतो. एका ओळीत दहा अक्षरे आणि एका फुग्यात चार ओळी, याहून जास्त झाले की वाक्य कापतो. आणखी एक अडचण जोर देण्याची. इंग्रजीत मोठ्या लिपीतली अक्षरे वापरून आरडाओरडा दाखवता येतो, देवनागरीत तशी सोय नाही, म्हणून जोर शब्दाच्या जागेवरून आणावा लागतो. "मी जाणार नाही" आणि "नाही जाणार मी" यांत ठळक टाईपाशिवायही फरक कळतो.

आवाजांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत आणि तरीही नव्या संहितांमध्ये 'बूम' आणि 'बँग' यांचाच सुळसुळाट दिसतो. धाडकन, खळ्ळकन, सपकन, धप्पकन ही यादी कोणीही पानभर करू शकेल. मात्र त्यातला 'कन' क्रिया कशी झाली ते सांगतो आणि क्रिया तर चित्रात काढलेलीच असते. म्हणून चौकटीत फक्त 'धाड' लिहावे, 'खळ्ळ' लिहावे. 'धाडकन' निवेदनात शोभतो, चित्राच्या अंगावर तो ओझे होतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, छापून आल्यावर स्वतःचेच पान खटकले तेव्हा कळली.

चित्रात दिसते ते पुन्हा लिहू नये, हा उपदेश सगळीकडे मिळतो आणि तरीही पाळला जात नाही, कारण लिहिताना लेखकासमोर चित्र नसते. माझ्या एका मसुद्यात नायक पुलावरून पाण्यात उडी घेतो आणि म्हणतो, "आता मी उडी मारून त्या मुलाला वाचवतो!" चित्रकाराने ते वाक्य खोडून समासात लिहिले, "हे मी काढले आहे, तू दुसरे काही दे." बराच विचार करून मी नायकाला गप्प केले आणि बुडणाऱ्या मुलाच्या तोंडी "दादा, माझं दप्तर!" एवढेच घातले. चौकट बदलली, कारण आता नायकाला मुलगा आणि दप्तर यांतून निवड करावी लागत होती.

तांबट लेनच्या नायकाच्या पुराच्या अंकातला एक प्रसंग मला सर्वांत जवळचा आहे आणि त्याबद्दल एका मुलीने नेमका प्रश्न विचारला. तोंडावर उपरणे बांधलेला नायक पुराच्या पाण्यातून स्वतःच्याच आईला बाहेर काढतो. ती परक्या माणसाशी बोलावे तसे बोलते, "अहो भाऊ, तुम्ही आधी त्या पलीकडच्या आजींना घ्या." पुढे तीन चौकटी केवळ पाणी आणि पायऱ्या आहेत. चौथ्या चौकटीत ती पुटपुटते, "हळू रे, पाय घसरेल." मूळ मसुद्यात याखाली निवेदनाची पट्टी होती, 'आईने त्याला ओळखले होते.' चित्रकाराने ती पट्टी काढून टाकली आणि मी दोन दिवस त्याच्याशी भांडलो. त्याचे बरोबर होते. 'अहो'चे 'रे' झाले तेव्हाच सगळे सांगून झाले होते. गुप्त ओळख हा सुपरहिरोकथेचा जुना कणा आहे, पण मराठी लेखकाजवळ तो उघड करण्यासाठी मुखवटा फाडण्याखेरीज एक साधन आहे, आणि ते म्हणजे तू, तुम्ही आणि आपण यांतले अंतर. कोणते पात्र मुखवट्याशी कसे बोलते आणि त्याच माणसाशी मुखवट्याविना कसे बोलते, याचा तक्ता मी संहितेआधी करतो. या प्रसंगाचे इंग्रजी भाषांतर करून पाहिले तेव्हा दोन्ही ठिकाणी 'यू' आले आणि आई काहीच न ओळखता घरी गेली. त्या मुलीचा प्रश्न असा होता की आईने ओळखले हे नायकाला कळले का. मी लिहिताना याचा विचारच केला नव्हता, आणि तिसरा अंक सध्या त्या प्रश्नापाशी अडला आहे.

पैशांचा आणि हक्कांचा विषय कोणी काढला नाही, म्हणून मीच काढतो. एका प्रकाशकाबरोबर माझे सगळे बोलणे तोंडी झाले होते. दोन अंक निघाले, त्यांचे पुनर्मुद्रण झाले आणि ते मला दुकानात पाहून समजले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम मी त्यानंतर वाचले. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराच्या हक्कांचा पहिला धनी, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा मालकच असतो, हेही लक्षात ठेवावे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ साली सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला दिले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे नियमितपणे परत यायला १९७५ चा समझोता व्हावा लागला. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेला लेखक बिल फिंगर १९७४ मध्ये वारला आणि त्याला श्रेय मिळू लागले २०१५ पासून. लेखक आणि चित्रकार मित्र असतील तर त्यांनीही आपसांत एक कागद करावा. मैत्री आहे तेव्हा तो करणे सोपे जाते.

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांना मी दोनशे पानांची महागाथा बाजूला ठेवायला सांगितले. ए-फोर आकाराचे दोन कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांची वही होते. पहिले पान मुखपृष्ठ म्हणून न दवडता तिथेच गोष्ट सुरू करावी. अशा वहीत पान चार वेळा उलटले जाते, त्यामुळे दुसरे, चौथे, सहावे आणि आठवे पान अशा चारच जागा तुमच्या हाती येतात. त्या जागी काय दिसणार ते आधी पेन्सिलीने लिहावे, मग काड्यांची माणसे काढून चौकटी पाडाव्यात आणि संवाद सर्वांत शेवटी भरावेत. मग ती वही घरातल्या कोणाला तरी वाचायला देऊन शेजारी गप्प बसावे आणि त्या माणसाचा हात पान उलटताना कुठे थांबतो, कुठे मागे जातो, ते पाहावे. माझी पहिली घडी मी आईला दिली होती. तिसऱ्या पानावर तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारले, "हा उडतो ते ठीक आहे, पण जेवतो कुठे?"