सराव पाठाला चार्ट कमी, पोरं जास्त: डीएड-बीएडवाल्यांसाठी

सराव पाठ जवळ आले की आपली डीएड-बीएडची पोरं-पोरी कार्डशीट, स्केचपेन, थर्माकोल गोळा करत फिरतात आणि कला म्हणजे एवढंच असं धरून चालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी पण तेच केलं होतं. पहिल्या पाठाला थर्माकोलचा किल्ला नेला, तीन रात्री जागून केलेला, मोडायला नको म्हणून पोरांपासून लांब टेबलावर ठेवला, पूर्ण तास पोरं नुसती किल्ल्याकडं बघत बसली, एकानं पण प्रश्न विचारला नाही. मार्क चांगले पडले, पण शिकवणं झालंच नव्हतं.

शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीत बीएडला नाट्य आणि कला हा वेगळा भागच दिलाय. तो नुसती फाईल सबमिट करून संपवू नका.

सुरुवात नदीच्या पाठानं करा. सांगलीजवळच्या हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम आपल्या पोरांनी बघितलेला असतो. बाक भिंतीला सरकवा, फक्त दोन बाक मध्ये ठेवा आणि त्यांच्यात दोन पोरं कशीबशी जातील एवढी फट ठेवा. एक रांग कृष्णा, एक रांग वारणा. आधी एकटी कृष्णा सोडा, आरामात निघून जाते. मग परत दोन्ही एकदम सोडा, लगेच फटीत गर्दी होते आणि मागची पोरं आपोआप थांबतात, तिथंच टाळी वाजवून सगळ्यांना पुतळा करा. आता कृष्णेच्या रांगेतल्या शेवटच्या पोराला विचारा, तू का थांबलास रे? 'सर, पुढं जागाच नाय.' बास, फुगवटा म्हणजे पुढं वाट नसली की पाणी मागं तुंबतं ते कळलं त्याला, वारणेला पाणी असलं की सांगलीतलं पाणी लवकर का उतरत नाही ते अंगानं कळलं, आता पुस्तक उघडायचं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं अशा घरांतली पोरं वर्गात असू शकतात. घर बुडतंय असा प्रसंग कुणाला करायला लावू नका. कुणी आपणहून सांगायला लागलं तर पाठ थांबवून ऐका, पाठाच्या टाचणातली वेळ गेली तरी चालेल.

संवाद पाठ करून घ्यायच्या भानगडीत पडू नका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीता स्वयंवर हे नाटक केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं भाषणं आयत्या वेळी स्वतःच्या मनानं करायची. तुम्ही पण तसंच करा, गोष्ट तुम्ही पुढं न्यायची आणि पोरांनी बोलायचं, गावच्या बोलीत बोलली तरी मध्ये दुरुस्त करायचं नाही, नाहीतर जे पोर वर्षभरात पहिल्यांदा तोंड उघडतंय ते परत गप्प बसतं.

फळ्याचा सराव रोज दहा मिनिटं. खडू अख्खा धरला की किंचाळतो, म्हणून मोडून घ्या, आणि जाड रेघ पाहिजे तर तुकडा आडवा धरून ओढा. झाड, बैल, माणूस एवढं पोरांसमोर काढता आलं तरी लय झालं.

आवाजाच्या पाठाआधी जमलं तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन या, पाच-सहा जणच जा, आधी विचारून. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा असतो, तो जरासा सरकवला की आवाज कसा खुलतो ते डोळे मिटून ऐका. चार-पाच वेळा ऐकल्यावर फरक पकडता येतो, आणि वर्गात पण हाच कान लागतो, कोणतं पोर समजून 'हो सर' म्हणतंय आणि कोणतं नुसतं सगळ्यांबरोबर म्हणतंय ते असंच ऐकू यायला लागतं.

आणि टाचण लिहिताना बाक सरकवायला आणि परत लावायला दहा मिनिटं धराच, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा.