वस्तीतला लठ्ठपणा रोखायचा तर सुरुवात नळापासून करा

लठ्ठपणाविरुद्ध मोहीम काढायची म्हटली की पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरतात: आहारावर एक व्याख्यान आणि वर्षातून एकदा मॅरेथॉन. दोन्हींचे फोटो छान येतात, पण व्याख्यानाला येतात ती आधीपासून जपून खाणारी माणसं आणि मॅरेथॉनला येतात ती आधीपासून धावणारी. बाकीची वस्ती रोज समोर जे दिसतं ते खाते आणि रस्ता जितका चालू देतो तितकीच चालते. त्यामुळे बदल करायचा तो शाळा, कॅन्टीन, रस्ता, मैदान या जागांमध्ये. लोकांना सुधारायला निघू नका.

अपेक्षाही आधीच बेताची ठेवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल शहरात २००२ पासून टफ्ट्स विद्यापीठाने पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी शाळेचं जेवण, शाळेची वाट, उपाहारगृहं असं सगळं एकदम हाती घेतलं. हा प्रयोग नावाजला गेला, तरी पहिल्या शालेय वर्षात तुलनेच्या शहरांपेक्षा आठ वर्षांच्या मुलाचं वजन वाढलं ते साधारण अर्धा किलो कमी, एवढंच. एका मुलासाठी हे नगण्य वाटेल. हजारो मुलांच्या बाबतीत ते मोठं यश आहे. प्रतिबंधाच्या कामात वजन कुणी घटवत नसतं, वाढीचा वेग कमी करायचा असतो.

पाच-सहा जणांचा गट पुरे: शिक्षक, कॅन्टीन चालवणारा, रस्त्यांचं काम पाहणारा अभियंता, परिचारिका, दोन पालक. कॅन्टीनवाल्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. ठराव करून मग त्याला कळवलं, तर तो मान डोलावतो आणि करतो आपल्या मनाचंच.

पहिलं काम पाण्याचं. शीतपेयाच्या ३३० मिलीच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ ग्रॅमच्या. शिवाय प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही. जेवण तेवढंच जातं. शाळेतून शीतपेय काढून त्या जागी फळांचा रस ठेवणं ही नेहमीची चूक. रसातली साखरही याच हिशेबात धरतात आणि तीही जवळजवळ तेवढीच असते. रस काढण्याऐवजी फळ कापून ठेवा. अख्ख्या फळापेक्षा कापलेलं फळ मुलं सहज उचलतात.

शीतपेय बंद करण्याआधी नळ मोजा. अर्धा लिटरची बाटली भरून पुढच्याचा नंबर यायला १५ सेकंद धरले, तर २० मिनिटांच्या सुट्टीत एका नळावर ८० मुलं होतात. ४०० मुलांची सुट्टी एकाच वेळी होत असेल तर किमान पाच चालू नळ हवेत, आणि त्यातले दोन तरी लहान मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. एवढं करूनही मुलं पाणी पीत नसतील तर स्वच्छतागृह बघून या. ते घाण असेल तर मुलं, विशेषतः मुली, जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. अशा वेळी पाण्याच्या मोहिमेचा पहिला खर्च साफसफाईवर करावा लागतो.

कॅन्टीनमध्ये पदार्थ बदलण्याआधी तेल मोजा. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिली तेलात, सुमारे १२० कॅलरी असतात, आणि स्वयंपाकघरात ते बहुतेक अंदाजाने ओतलं जातं. आठवडाभराचा खप नोंदवा, ताटांच्या संख्येने भागा. मग दर दोन आठवड्यांनी दहावा हिस्सा कमी करा. एकदम निम्मं केलंत तर चव जाते, ताटात अन्न उरतं आणि मुलं फाटकाबाहेर जाऊन खातात. मिठालाही हाच क्रम लावा.

आता रस्ता. शाळेभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. एवढं अंतर लहान मूल साधारण १५ मिनिटांत चालतं. जाऊन-येऊन अर्धा तास झाला, म्हणजे मुलांना रोज लागणाऱ्या ६० मिनिटांच्या हालचालीतला निम्मा हिस्सा तिथेच पदरात पडला. त्या वर्तुळातली प्रत्येक वाट पायी तपासा. सिग्नलची वेळ बहुधा सेकंदाला १.२ मीटर या वेगाने बसवलेली असते, म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. ०.८ मीटर वेगाने चालणाऱ्या वृद्धाला १५ सेकंद लागतात. ही पाच सेकंदं मागून घ्या. पदपथ बांधण्यापेक्षा ती स्वस्त पडतात. मुलांनी गटाने चालत जायचं ठरलं तर चार ते सहा वर्षांच्या तिघांमागे एक मोठा माणूस, त्याहून मोठ्या सहांमागे एक. आजारी पडणारे, सुट्टीवर जाणारे गृहीत धरून दोन पालक जादा ठेवा, नाहीतर एका सकाळी कुणीच येत नाही आणि पालकांचा विश्वास कायमचा उडतो.

मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी. त्यासाठी वार्षिक सोहळ्यापेक्षा दर आठवड्याचा ठरलेला वार बरा. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून ही प्रथा आहे: दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत, आता शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात. तुमच्याकडे एक रस्ता मिळाला तरी चालेल, पण वार आणि वेळ बदलू नका.

मोजमाप सुरुवातीलाच घ्या, नंतर वर्षातून एकदा, त्याच महिन्यात. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा आणि माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्या. बूट आणि जाड कपडे काढून, उंची ०.१ सेंटिमीटरपर्यंत व वजन ०.१ किलोपर्यंत. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्याचे मोठ्यांसाठीचे २५ (जादा वजन) आणि ३० (लठ्ठपणा) हे आकडे मुलांना लावू नका. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते आहेत. मोजणी पडद्याआड करा, आकडा मोठ्याने वाचू नका, वर्गात यादी लावू नका. चिडवलेलं मूल खेळायचं टाळतं आणि लपून जास्त खातं.

वजन हलायला वेळ लागतो. तोवर दर महिन्याला चार नोंदी ठेवा: शीतपेयांचा खप, ताटामागे तेल, चालत आलेली मुलं, चालू असलेले नळ. आणि शीतपेयाची कंपनी मैदानासाठी पैसे घेऊन आली तर फलकाच्या जागेचा करार आधी वाचा. त्यात शाळेत विक्रीचा हक्क मागितला असेल तर तो पैसा नाकारा.